माझ्या मुलाच्या खेळातील माणसे

आमच्या घरात मोठा मोबाईल आला तो शाळेसाठी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये निरोप आला की आता वर्ग मोबाईलवर भरतील. माझा धाकटा तेव्हा नववीत गेला होता. नांदेडच्या मोंढ्यावर माल उतरवणे बंद, माझी शिलाई बंद, घरात पीठ मोजून घेण्याचे दिवस. तरी बचत गटातून आठ हजार उचलले आणि मोबाईल घेतला. लेकराचे शिक्षण थांबता कामा नये, एवढे एकच डोक्यात होते. हे आपल्या घराघरांत झाले, त्यात मी काही वेगळे केले असे नाही.

मोबाईलवर शाळा दीड तास भरायची. उरलेला दिवस त्यावर दुसरेच काही भरायचे. वस्तीतल्या पाण्याच्या टाकीच्या सावलीला आठ-दहा पोरे माना खाली घालून बसलेली दिसत. कुणी म्हणे, "अरे माझ्या मागं आहे बघ," कुणी म्हणे, "मला उचल, मला उचल!" मी पाणी भरायला जायची आणि कपाळाला हात लावून परत यायची. वाटायचे, यांच्या आज्याने रोजगार हमीवर दगड फोडले, बापाने पोती वाहिली, आणि हे काय उचलायलेत!

त्या काळात पबजी नावाचा खेळ गाजत होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ चिनी संबंधातल्या ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेला. मी गल्लीत साखर वाटायची तेवढी ठेवली. पण पोरे हसत होती. ती आधीपासूनच दुसरा खेळ खेळत होती. त्याचे नाव फ्री फायर. पबजीला भारी मोबाईल लागे, हा आमच्यासारख्यांच्या हलक्या मोबाईलवरही चाले. म्हणूनच तो आमच्या वस्तीत आला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे साऱ्या जगातल्या गरीब वस्त्यांत तसाच गेला. २०१७ साली तो निघाला. व्हिएतनाममधल्या मंडळींनी तो बनवला आणि सिंगापूरच्या गरेना कंपनीने बाजारात आणला. २०१९ मध्ये तो जगात सर्वांत जास्त उतरवून घेतलेला मोबाईलचा खेळ ठरला होता. १४ फेब्रुवारी २०२२ ला आपल्या सरकारने त्यावरही बंदी घातली. पण 'मॅक्स' नावाची त्याचीच दुसरी आवृत्ती मिळत राहिली आणि पोरे त्याच दिवशी संध्याकाळी तिच्यावर गेली. बंदीने माझे काम होणार नाही, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते.

माझ्याकडून चुका झाल्या त्या लपवत नाही. दहावीच्या वर्षी एकदा तो माझ्याकडे पैसे मागू लागला. शाळेच्या वहीला नव्हे, खेळातल्या एका पात्राला! 'आलोक' नावाचे ते पात्र ५९९ हिऱ्यांना मिळते म्हणे, आणि हिरे खऱ्या पैशाने घ्यायचे. मी विचारले, "हातात काय येईल?" तो म्हणाला, "हातात काही येत नाही मम्मी, खेळात येतं." माझे डोके फिरले. लाटणे हातात होते ते पाठीत घातले. म्हणाले, "तुझा बाप शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतो, तेव्हा ताटात भाकर येते. आणि तू हवेतला माणूस विकत घेतोस?" त्याने पुन्हा कधी पैसे मागितले नाहीत. पण त्यानंतर त्याने मला काही सांगणेच सोडले. ते मला पुष्कळ उशिरा लक्षात आले.

दहावीला त्याला ८८ टक्के पडले. वस्तीत पेढे वाटले. सगळ्यांचे एकच म्हणणे, लातूरला टाका. लातूर पॅटर्नचे नाव आपल्या मराठवाड्यात कुणाला ठाऊक नाही? राजर्षी शाहू महाविद्यालयापासून सुरू झालेली ती कसून अभ्यास घेण्याची रीत. आता त्याच्या भोवती क्लासेसचे एक वेगळेच गाव उभे राहिले आहे. आम्ही साठ हजार जमवले. काही बचत गटाचे, काही मुकादमाकडून उचल आणि माझ्या कानातले गहाण. त्याला एका खोलीवर ठेवले, तिघांत एक खोली, डबा लावला. निघताना मी त्याला म्हणाले, "आम्हाला दुसरं काही नको. तू फक्त डॉक्टर हो." किती सहज म्हणाले! माझ्या मते मी त्याला धीर दिला होता.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी फोनवर बोलणे कमी होत गेले. "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." मला वाटे, अभ्यासाचा ताण आहे, कशाला त्रास द्या.

२०२३ चा डिसेंबर होता. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दारावर थाप पडली. पाहते तर आमच्या गल्लीतला, दुचाकीच्या गॅरेजवर काम करणारा पोरगा. माझ्या मुलाचा लहानपणापासूनचा दोस्त. दहावीत नापास झाला आणि कामाला लागला. खरे सांगायचे तर त्याच्या नादाने आपला बिघडेल, म्हणून मी त्याला दारात उभे करीत नसे.

तो म्हणाला, "काकू, रागावू नका. आम्ही चौघं रोज रात्री अर्धा तास खेळतो. तो लातुरातून, आम्ही इथून. आज तो बरोबर वाटला नाही."

मी चिडलेच. "म्हणजे तिथंही खेळच चालू आहे का?"

"काकू, ऐका तर. चौघांत एकाला गोळी लागली की तो लगेच मरत नाही. गुडघ्यावर येतो, रांगतो. त्याचं रक्त हळूहळू कमी होतं. तोवर साथीदार जवळ गेला आणि थोडा वेळ थांबला की त्याला उचलता येतं. तो उठून परत खेळतो. आज तो पडला. मी पळत जवळ गेलो. तर म्हणाला, 'नको उचलू मला. जाऊ दे. मी पडलेलाच बरा.' आणि बंद करून गेला. मी नंतर फोन लावला तर बंद. काकू, खेळात कुणी असं म्हणत नाही. सगळे 'मला उचल' म्हणून ओरडतात. चार वर्षांत मी कुणाच्या तोंडून असं ऐकलं नाही."

आता लिहितानाही अंगावर काटा येतो. त्या पोराच्या हाताला ग्रीस लागलेले होते, थंडीत तो नुसत्या बनियनवर आला होता.

आम्ही दोघांनी रात्रभर फोन लावला. पहाटे पहिली एसटी धरली. बायकांना अर्धे तिकीट त्याच वर्षी मार्चपासून लागू झाले होते, म्हणून दोघांचे दीड तिकीट लागले. लोहा गेले, माळाकोळी गेली, अहमदपूरला गाडी चहाला थांबली. आम्ही दोघेही उतरलो नाही. चाकूरच्या पुढे ह्यांनी एकच वाक्य उच्चारले, "पास-नापास काही विचारू नको." मोंढ्यावर आयुष्य घालवलेला, चौथी शिकलेला माणूस, पण माझ्यापेक्षा त्याला जास्त कळले.

खोलीवर गेलो तेव्हा दोघे मुले क्लासला गेली होती आणि हा पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. नऊ दिवस क्लासला गेला नव्हता. आम्हाला पाहून उठून बसला, पण काही बोलेना. ह्यांनी कोपऱ्यातला डबा उघडला. आदल्या दिवशीचा भात तसाच. ते खाली जाऊन केळी घेऊन आले. मी त्याच्या जवळ बसले. काय बोलावे सुचेना. अभ्यासाचे विचारायचे नाही, रँकचे विचारायचे नाही. मग उरले काय? अचानक तोंडातून निघाले, "तुझ्या त्या खेळात तू कोण असतोस रे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला वाटले, मी टोमणा मारते आहे. मी म्हणाले, "खरंच विचारायले. मला एवढ्या वर्षांत ठाऊक नाही."

बराच वेळ गेला. मग तो हळूच म्हणाला, "आधी आदम होतो."

आणि मग, वाचकहो, दोन वर्षांत पहिल्यांदा माझा मुलगा माझ्याशी सलग तासभर बोलला. जे त्याने सांगितले ते मी जसे समजले तसे लिहिते, कारण तुमच्याही घरात ही माणसे राहतात आणि त्यांची नावे तुम्हाला ठाऊक नसतील.

पन्नास खेळाडू एका विमानातून एका बेटावर उडी मारतात. सगळ्यांचे हात रिकामे. घराघरांत पडलेली शस्त्रे शोधायची आणि शेवटपर्यंत टिकायचे. दहा-पंधरा मिनिटांत खेळ आटोपतो. खेळणाऱ्याला एक पात्र घ्यावे लागते. आदम आणि ईव्ह ही सुरुवातीची दोन, एक पुरुष आणि एक स्त्री. ती फुकट मिळतात आणि त्यांच्या अंगी कोणतेही खास कौशल्य नाही. बाकीच्या प्रत्येकाला काहीतरी देणगी आहे. केली ही शाळकरी धावपटू, ती इतरांपेक्षा वेगाने पळते. अँड्र्यू पोलीस आहे, त्याचे चिलखत लवकर झिजत नाही. मीशा गाडी वेगाने हाकते. निकिता ही अंगरक्षक, तिची बंदूक लवकर भरून होते. क्ला हा थायलंडच्या मुष्टियुद्धातला, त्याचा ठोसा भारी. मॅक्सिम खादाड, तो अळंबी आणि औषध झटपट संपवतो. मोको ही संगणकातली चोरटी, तिने ज्याला गोळी मारली तो पुढे काही काळ सगळ्या साथीदारांना दिसत राहतो. आणि ऑलिव्हिया. ती रुग्णसेवा करणारी. पडलेल्या साथीदाराला तिने उचलले तर तो इतरांनी उचलल्यापेक्षा अधिक बळ घेऊन उठतो.

ही सगळी खेळाच्या पहिल्या काळातली. यांपैकी कितीतरी पात्रे खेळात साठवलेल्या नाण्यांवर घेता येत, पैसे लागत नसत. त्याने महिनोन् महिने नाणी साठवून एकेक घेतले होते. पुढे नामांकित माणसांची पात्रे आली. आलोक हा ब्राझीलमधला खराखुरा संगीत वाजवणारा, त्याच्या नावाचे पात्र २०१९ साली आले. त्याच्याभोवती पाच मीटरचे वर्तुळ तयार होते. त्यात तो आणि त्याचे साथीदार वेगाने चालतात आणि त्यांचे बळ भरून येते. २०२० साली हृतिक रोशन यांच्यावरून 'जय' आला, त्याच वर्षाअखेर फुटबॉलपटू रोनाल्डो यांच्यावरून 'क्रोनो'.

"मग तुला आलोक का हवा होता?" मी विचारले.

"पोरं हसायची. आदम दिसला की म्हणायची, नूब आला, नूब. म्हणजे अडाणी. मी त्यांच्यापेक्षा चांगला खेळायचो, पण आदम दिसला की आधी हसायची."

मी गप्प बसले. माझ्या पाठीत कुणीतरी लाटणे घातल्यासारखे झाले.

पाहा, आपल्या लोकांना ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागते काय? सगळे एकाच विमानातून उतरतात, सगळ्यांचे हात रिकामे, म्हणून खेळ समतेचा, असे तो मला आधी सांगत होता. पण उतरण्यापूर्वीच कुणाच्या अंगात वेग विकत घेऊन ठेवलेला, कुणाचे चिलखत मुळातच मजबूत. आणि ज्याच्याजवळ काही नाही तो समोर येताच, त्याचा हात कसा चालतो हे पाहण्याआधीच, त्याला हसायचे. आमच्या आज्या-पणज्यांनी हे मोबाईलशिवाय भोगले. मी शाळेत असताना माझ्या फाटक्या पोलक्याला पोरी हसायच्या, गणित माझेच बरोबर असायचे तरी. लेकराने माझ्याकडे हिरे मागितले नव्हते. कुणी आपल्याला हसू नये, एवढेच मागितले होते. पैसे तर मी आजही दिले नसते. पण विचारले असते, "का रे, कोण हसतं?"

"आणि आता कोण असतोस?"

"आता फोर्ड."

हा फोर्डही पहिल्या काळातलाच. खेळात एक वर्तुळ असते, ते लहान लहान होत जाते. त्याच्या आत राहील तो सुरक्षित. बाहेर राहिला त्याचे बळ आपोआप थोडे थोडे कमी होत जाते, कुणी गोळी मारली नाही तरी. फोर्डला बाहेर राहिल्याचा त्रास इतरांपेक्षा कमी होतो. तो बाहेर जास्त वेळ काढू शकतो.

"मी नेहमी वर्तुळाच्या बाहेरच असतो मम्मी," तो म्हणाला. "क्लासमध्येपण. दर आठवड्याला यादी लागते. मी पहिल्यांदा दोनशेत होतो. मग चारशे. मग यादीत शोधायला खालून सुरुवात करावी लागायची. तुम्ही एवढं कर्ज काढलं. सांगायचं कसं?"

ह्यांनी केळे सोलून त्याच्या हातात दिले. म्हणाले, "पोतं जड झालं तर मोंढ्यावर आम्ही खाली ठेवतो. कुणी मारत नाही त्यासाठी. दुसरा गडी येतो, हात लावतो. तू एकट्यानं का धरून ठेवलंस?"

तेव्हा तो रडला. आम्ही तिघेही रडलो.

त्याच्या मनात त्या रात्री नेमके काय होते, ते मी त्याला अजून विचारलेले नाही. तो एवढेच म्हणाला, "काहीच करावंसं वाटत नव्हतं." मला तेवढे पुरे आहे. आम्ही त्याला त्याच दुपारच्या गाडीने नांदेडला आणले. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरांना दाखवले. शेजारणी म्हणाल्या, "वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला नेता?" मी म्हणाले, ताप आला तर नेतो ना, तसेच हे. चार महिने गोळ्या चालल्या, बोलणे चालले. बारावीची परीक्षा त्याने दिली, ६१ टक्के पडले. डॉक्टर व्हायचे नाही, हे त्याने स्वतः सांगितले आणि आम्ही ऐकले. आता तो नांदेडला बी.एस्सी. करतो आहे आणि संध्याकाळी एका औषधाच्या दुकानात हिशेब पाहतो. मुकादमाची उचल फिटली. कानातले अजून सुटायचे आहे. ते सुटेल.

एक गंमत सांगते. गेल्या वर्षावासात विहारात एक निवृत्त गुरुजी चीनच्या ह्यू-एन-त्संग यांची माहिती सांगत होते. सातव्या शतकात हा भिक्खू वाळवंटे, डोंगर ओलांडून भारतात आला, नालंदेला शिकला, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, आणि परत जाताना ६५७ ग्रंथ घेऊन गेला. पुढे शेकडो वर्षांनी, सोळाव्या शतकात, चीनमध्ये त्याच्या प्रवासावर एक मोठी कादंबरी तयार झाली. तिच्यात त्याच्या सोबतीला एक पराक्रमी माकड आहे, त्याचे नाव वूकाँग. एवढे ऐकताच माझा मुलगा मागच्या रांगेतून मोठ्याने म्हणाला, "वूकाँग? तो आमच्या खेळात आहे!" सगळे वळून पाहू लागले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "तुमच्या खेळात तो काय करतो?" हा म्हणाला, "सर, तो झुडूप होतो. संकट आलं की झुडूप होऊन लपतो." सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "आमच्या गोष्टीतला तर बहात्तर रूपे घेतो, आणि गुरूला वाटेत सोडत नाही. त्याच्या नावाचा अर्थ आहे, ज्याला शून्यतेचा बोध झाला तो." त्या रात्री माझ्या मुलाने विहाराच्या कपाटातून ह्यू-एन-त्संगाचे पुस्तक घरी आणले. टाकीखालची दोन पोरेही आली, वूकाँगची गोष्ट ऐकायला. आपल्याला काय ठाऊक, कोणत्या दाराने लेकरू पुस्तकापर्यंत येईल!

मी खेळाची तरफदारी करायला बसलेली नाही. त्यात मारामारी आहे, बायकांच्या पात्रांचे कपडे मला पसंत नाहीत, आणि हिऱ्यांच्या नावाने गरिबाच्या घरातून पैसा जाण्याची वाट आहे. झोप जाते, डोळे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण रमीसारखा तो जुगार वेगळा आणि हा खेळ वेगळा. हा बंद करायला सरकार येणार नाही, घरातच बसून बोलावे लागेल. म्हणून माझ्यासारख्या आयाबहिणींना हात जोडून काही गोष्टी सांगते.

ज्या मोबाईलवर लेकरू खेळते त्यावर पैसे पाठवायची सोय ठेवू नका, आणि ठेवलीच तर तिचा आकडा लेकराला देऊ नका. वेळ ठरवा, आणि ठरवताना त्यालाही बसवा. आमच्याकडे रात्री साडेनऊ ते दहा, त्यानंतर मोबाईल देव्हाऱ्याच्या जागी जिथे आम्ही बाबासाहेबांचा फोटो ठेवतो, त्या फळीवर. मोबाईल फोडू नका. मी फोडला असता, तर त्या रात्री दारावर थाप पडली नसती. लेकरू कुणाशी खेळते ते पाहा. अनोळखी मोठा माणूस असेल तर सावध व्हा, गल्लीतला जुना दोस्त असेल तर त्याला घरात बोलवा, चहा द्या. आणि एकदा तरी विचारा, "तू त्यात कोण असतोस?" उत्तर कळले नाही तरी चालेल, ऐकून घ्या.

आणि लेकरू गप्प झाले, जेवेना, झोपेना, "मला जाऊ दे" असे काही बोलले, तर उद्यावर टाकू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक सरकारने २०२२ मध्ये सुरू केला आहे. तिथे पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. लातूरला, नांदेडला, कुठेही शिकायला ठेवले असेल तर महिन्यातून एकदा स्वतः जाऊन या. फोनवर "हो" म्हणणारा मुलगा पांघरूण घेऊन पडलेला असू शकतो.

तो गॅरेजवाला पोरगा आता आमच्याकडे रोज येतो. मागच्या वर्षी त्याने दहावीचे राहिलेले दोन विषय काढले. माझ्या मुलाने त्याला गणित शिकवले. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी मी त्याला विचारले, "तू खेळात कोण असतोस रे?"

तो लाजला. म्हणाला, "काकू, हसू नका. मी मुलीचं पात्र घेतो. ऑलिव्हिया."

मी हसले नाही. त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.